हूं म्हणायला माणूस

देवासच्या आमच्या क्वार्टरमध्ये फडताळाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र नसायचं, पत्रकं असायची. बाबा कारखान्यातल्या युनियनची पत्रकं लिहायचे आणि वाटून उरलेला गठ्ठा घरी आणायचे. आई तो वाया घालवत नसे. मिठाच्या बरणीखाली, पिठाच्या डब्याच्या झाकणाला, ट्रंकेच्या तळाशी, सगळीकडे तीच. मीठ घ्यायला बरणी उचलली की खाली ‘साथियो, अब और नहीं!’ दिसायचं, आणि आई म्हणायची, “मला सांगतायत. मीठ जास्त झालं असणार.” मी अक्षरं शिकले ती त्या बरणीखालच्या कागदावर. शाळा हिंदी, गल्ली माळवी, घरात मराठी, आणि वाचायला हे. आज मी मराठीत लिहिते तेव्हा मधूनच एखादं वाक्य हिंदीच्या चालीवर निघून जातं, त्याला मी आता अडवत नाही.

संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की थोड्या वेळानं बाबांच्या सायकलचा आवाज यायचा, मग चहा, शेव, आणि पत्रकाचा कच्चा मजकूर. ते मोठ्यानं वाचायचे आणि मी ऐकायची. “माणूस गेटमधून निघून सायकल स्टँडपर्यंत पोचतो तेवढ्यात वाचून झालं पाहिजे,” हा त्यांचा नियम. एक जरी वाक्य त्याच्या पुढे रेंगाळलं, तर ते कापायचे. दहावीत गेल्यावर कापायचं काम माझ्याकडे आलं, आणि कॉलेजात गेल्यावर लिहायचंही. मला राग पटकन यायचा आणि तो कागदावर चांगला उतरायचा. गल्लीतल्या नळाला पाणी येत नसे त्यावर मी लिहिलेलं पत्रक नगरपालिकेच्या भिंतीवर लागलं तेव्हा बाबांनी जिलबी आणली होती. या शिक्षणाबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. अन्याय दिसला की गप्प बसायचं नाही, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अडचण एवढीच की गप्प बसायचंच नाही, असं माझं होऊन बसलं होतं. समोरचा अर्धं वाक्य बोलला की उरलेलं अर्धं मीच पूर्ण करायची, आणि ते त्याच्यापेक्षा जोरदार करायची.

कारखाना बंद पडला आणि बाबा सोनकच्छला एका धान्यव्यापाऱ्याकडे जाऊ लागले. सकाळच्या बसनं जायचे, अंगाला गव्हाचा भुसा लावून यायचे. पत्रकं थांबली. माझं बी.ए. झालं होतं. पीथमपुरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जागा होती, मामेभावानं शब्द टाकून ठेवला होता, शिफ्टची बस आणि मुलींसाठी राहायची खोली, सगळं ठरल्यासारखं होतं. त्याच सुमारास बसस्टँडसमोरच्या एका इमारतीवर मी पाटी वाचली: प्रसारण आणि डिजिटल संचाराचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मुदत एक वर्ष.

“म्हणजे रेडिओवर गोड बोलायचं?” बाबांनी विचारलं. “सरकारचा भोंगा व्हायचं?”

“भोंगा कुणाचाही असो, तोंड माझं असेल ना.”

“असं प्रत्येकाला वाटतं.” पण त्यांनी नाही म्हटलं नाही. एक वर्ष दिलं. प्रमाणपत्र मिळालं तर पुढचं पुढे, इंदूरला नवीन रेडिओ केंद्रं सुरू होत होती, तिथे त्या कागदाशिवाय दारात उभं करत नसत. नाही मिळालं तर पीथमपुर. मला पीथमपुरचं काम हलकं वाटत होतं असं नाही, त्या कारखान्यांतल्या माणसांच्याच पत्रकांवर मी वाढले होते. पण तिथे गेले तर लिहिणं-बोलणं संपेल, हे मला तिथेच कामाला जाणाऱ्या मामेबहिणीकडे बघून कळत होतं. बारा तास घराबाहेर राहून आल्यावर ती जेवता जेवता झोपायची.

वर्ग म्हणजे दोन खोल्या. एकीत आम्ही, दुसरीत भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकून केलेला स्टुडिओ, आणि एक खोक्यासारखा कॉम्प्युटर. उन्हाळ्यात पंखा लावला की आवाज टेपमध्ये यायचा, म्हणून पंखा बंद. शिकवायला दुबे सर. त्यांनी आयुष्य आकाशवाणीत काढलं होतं आणि ते पान खात नसत, फक्त पान खाल्ल्यासारखं सावकाश बोलत. त्यांचा पहिला धडा मला अजून पाठ आहे. “देखो भिया लोग, इंटरव्यू लेनेवाले की आवाज सिर्फ सवाल में आएगी. बाकी टाइम मुंह बंद. हां नहीं, हूं नहीं, अच्छा नहीं. गर्दन हिलाओ, आंख से बोलो. टेप पे तुम्हारी ‘हां-हूं’ आई तो नंबर कटे.”

माझे सरावाचे सगळे टेप माझ्याच आवाजानं भरलेले असायचे. एका भाजीवालीची मुलाखत घेतली त्यात भाजीवाली तीन वाक्यं बोलली होती. दुबे सरांनी ती सगळ्या वर्गाला ऐकवली. मग म्हणाले, “मीनल बेटा, सब्जी भी तुम ही बेच देतीं.” सगळे हसले, सोनकच्छचा कमलेश सगळ्यात जास्त. सरांनी मला उपाय सांगितला: तोंडात लवंग धरायची, आणि समोरचा बोलून होईपर्यंत ती दाताखाली येऊ द्यायची नाही. मी मनापासून केलं. त्या हिवाळ्यात माझी जीभ सतत बधिर असायची, पण मी गप्प राहायला शिकले. घरात आई म्हणायची, “आजारी आहेस का?”

परीक्षेसाठी प्रत्येकानं एक कार्यक्रम करायचा होता, एका माणसाच्या तोंडून एका जागेची गोष्ट. कमलेशनं मंडीतला लिलाव घेतला. मी निसरपुर घेतलं. नर्मदेच्या काठचं मोठं गाव, धरणाच्या बुडितात जाणार हे ठरलेलं. माझ्या डोक्यात कार्यक्रम आधीच लिहून तयार होता, सुरुवातीपासून शेवटच्या घोषणेपर्यंत, फक्त मधे तिथल्या कुणाचा तरी आवाज बसवायचा होता.

बाबांनी अट घातली की एकटीनं जायचं नाही, धारच्या आत्याबाईंना बरोबर घ्यायचं. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. सासर धारच्या दरबाराशी जुनं नातं असलेलं. दरबार गेला, यजमान तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झाले, पण आत्याबाईंच्या बोलण्यात दरबार होता. त्या स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आणि माझ्या बाबांचा उल्लेख माझ्यासमोर ‘तुझे तीर्थरूप’ असा करत. प्रवासाला निघायचं म्हटल्यावर त्यांनी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, लसणाची चटणी आणि पिशवीभर संत्री घेतली. धारहून मनावर, कुक्षी करत बस जात होती आणि आत्याबाई शेजारच्या प्रत्येक बाईशी बोलत होत्या. उतरताना मी बजावलं, “आत्याबाई, मशीन चालू असताना अजिबात बोलायचं नाही.”

“आम्ही कशाला बोलू? आम्ही संत्री सोलू.”

गावात विचारत गेलो तर सगळ्यांनी गेंदाबाईचं नाव सांगितलं. कुंभारीण, सत्तरीच्या पुढची, निसरपुरच्या आठवडी हाटात मडकी विकणारी. ती अंगणात बसली होती. मी टेपरेकॉर्डर काढला, लवंग तोंडात टाकली आणि पहिला प्रश्न विचारला: “आप के साथ क्या अन्याय हुआ?”

गेंदाबाई ताठ बसली आणि बोलायला लागली. डूब, मुआवजा, जमीन के बदले जमीन, हमारा हक. ती थांबली तेव्हा मला जाणवलं की यातला शब्द न् शब्द मी लिहून आणलेल्या कागदावरही होता. तिच्याकडे माझ्यासारखे पुष्कळ येऊन गेले होते. त्यांना काय हवं असतं हे तिला माहीत होतं आणि ती ते पाहुण्याला पाणी द्यावं तसं देत होती. मी मान हलवली, डोळ्यांनी बोलले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. मी विचारलं, हाटाबद्दल सांगा. “हाट म बैठती थी,” ती म्हणाली, आणि थांबली. मी मान हलवली. ती थांबलेलीच. शेवटी तिनं मागे बसलेल्या आत्याबाईंना विचारलं, “या छोरी गूंगी छे काई?”

आत्याबाईंनी तोंडातलं संत्रं गिळलं. “मुकी कुठली, देवासची आहे. तू सांग गं. हाटात बसायचीस. हूं?”

मी वळून डोळे वटारले. काही उपयोग नव्हता, कारण गेंदाबाई आता माझ्याकडे बघतच नव्हती. ती आत्याबाईंकडे वळून बसली होती. ती निमाडीत आणि आत्याबाई मराठीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. प्रत्येक वाक्याला आत्याबाईंचं “हूं.” कधी आश्चर्याचं, कधी “हूं, मग?”, कधी नुसता नाकातला आवाज. त्या ‘हूं’वर पाय देत देत गेंदाबाई पुढे निघाली.

तिनं सांगितली ती गोष्ट अशी. हाटात तिची जागा सासूकडून आलेली, आणि शेजारची जागा हमीदा बांगडीवालीची. दोघी लग्न होऊन आल्या तेव्हापासून शेजारी. आणि तेव्हापासून भांडण. हमीदा आपली टोपली हातभर इकडे सरकवायची. गेंदाबाई मडक्यांची ओळ हातभर तिकडे ढकलायची. दर हाटाला. शिव्या अशा की गिऱ्हाईकं ऐकायला थांबत. (“हूं! काय शिव्या?” आत्याबाईंनी विचारलं, आणि गेंदाबाईनं दिल्या. त्या मी कार्यक्रमात ठेवू शकले नाही याचं मला आजही वाईट वाटतं.) एकदा हमीदा बाळंत झाली म्हणून महिनाभर आली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून गेंदाबाईनं तिथे आपली मडकी मांडून ठेवली. हमीदा परत आली आणि त्यावरूनही भांडली.

“फिर एक हाट हमीदा नी आई,” गेंदाबाई म्हणाली.

“हूं? का नाही आली?”

हमीदाच्या मुलानं मोबदला घेतला होता आणि सगळे कुक्षीच्या पलीकडे नवीन वसाहतीत गेले होते. गेंदाबाईच्या घराला प्लॉट मिळणार तो तिसऱ्याच बाजूला. आता शेजारची जागा रिकामी होती. “पूरी जगा म्हारी. जितरा चाहूं उतरा फैलूं,” ती म्हणाली. “पण बाई, लडूं किनसी?”

भांडू कुणाशी, यावर आत्याबाईंनी ‘हूं’ म्हटलं नाही. त्यांनी संत्र्याची अर्धी फोड तिच्या हातावर ठेवली.

परतीच्या बसमध्ये मी फुरंगटून बसले होते. टेपवर एक मिनिट असं नव्हतं ज्यात आत्याबाई नाहीत. त्या मात्र दशमी खात समजावत होत्या, “बयो, ऐकणारा हूं म्हणत नसेल तर गोष्ट सांगू नये. आमच्या धारेत लहान पोरालाही ठाऊक. आम्ही निजायच्या वेळी गोष्ट ऐकायचो तेव्हा हूं म्हणायची पाळी लावलेली असायची. ज्याचं हूं बंद पडलं तो झोपला, गोष्ट तिथेच थांबली. तू नुसती मान हलवत होतीस. त्या बिचारीला वाटलं, हिला आमचं काही पटत नाहीये.”

मी वर्गातल्या कॉम्प्युटरवर बसून ‘हूं’ कापायला घेतले. पडद्यावर आवाजाचे हिरवे डोंगर दिसायचे, मोठे डोंगर गेंदाबाईचे, मधल्या टेकड्या आत्याबाईंच्या. टेकडी निवडायची, पुसायची, डोंगर जोडायचे. कित्येक दुपारी त्यात गेल्या. झालं तेव्हा मी दुबे सरांना अभिमानानं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

“काटा तो बहुत सफाई से है,” ते म्हणाले. “लेकिन बेटा, ये बाई अब बात किससे कर रही है?”

मी पुन्हा ऐकलं. खरंच, एक म्हातारी भिंतीशी बोलत होती. वाक्यं एकमेकांवर आदळत होती, हसू अर्ध्यात तुटत होतं, आणि ‘लडूं किनसी’ हा प्रश्न कुणालाच विचारलेला नव्हता. मी सरांना विचारलं की मूळचं तसंच दिलं तर? ते म्हणाले, परीक्षक बाहेरून येणार, नियमानं नंबर कापणार, नापासही करू शकतो. “मैं होता तो... मैं नहीं हूं न. तू देख ले.”

घरी मी दोन्ही ऐकवले नाहीत, फक्त मूळचा. पोळी-पिठल्याचं जेवण चाललं होतं, कॅसेट संपली. बाबांनी विचारलं, “मुद्दा कुठाय?”

“हाच मुद्दा आहे.”

“यात मागणी नाही. दोन बायका भांडायच्या, आता भांडत नाहीत. याचं पत्रक कर बघू.”

“पत्रक नाही करायचंय मला!” मी ओरडले. त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. आईनं पिठल्याचं भांडं दोघांच्या मधून उचलून घेतलं. बाबा हात धुता धुता म्हणाले, “नापास झालीस तर पीथमपुर. ठरलंय ते ठरलंय.”

“हो.”

मी लिहून आणलेलं सगळं निवेदन काढून टाकलं. सुरुवातीला फक्त गाव, बाईचं नाव, आणि पाणी येणार आहे एवढं ठेवलं. बाकी गेंदाबाई, आणि आत्याबाईंचं हूं.

परीक्षक इंदूरहून आले. कडक इस्त्री, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं. प्रत्येकाचा कार्यक्रम ते थोडासाच ऐकत, मग बटण दाबून बंद करत, गुण लिहीत, पुढचं नाव. कमलेशचा लिलाव ऐन बोलीत बंद झाला आणि तो बाहेर येऊन म्हणाला, “भिया, भाव खुलने से पहले ही मंडी बंद.” माझी पाळी आली. आत्याबाईंचं पहिलं ‘हूं’ आलं तशी त्यांची भुवई वर गेली.

“ये दूसरी आवाज किसकी है?”

“मेरी बुआ.”

“सिखाया नहीं गया था कि चुप रहना है?”

“सिखाया था, सर. मैं चुप थी. मैं चुप थी तो ये बोलती नहीं थीं.” आणखी पुष्कळ बोलायचं होतं, जिभेच्या टोकावर होतं. मी लवंग नसताना गप्प राहिले.

त्यांनी कागदावर काहीतरी कापलं. टेप चालूच होती. हमीदा बाळंत झाली, परत आली, भांडली. गेंदाबाई म्हणाली, फिर एक हाट हमीदा नी आई, आणि त्यांनी बटण दाबलं. त्यांनी गुण मांडले, सही केली, यादीतलं पुढचं नाव बोटानं शोधलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

“फिर?” ते म्हणाले. “क्यों नहीं आई?”

मी सांगणार होते. दुबे सरांनी कोपऱ्यातून हलकेच नकाराची मान हलवली. परीक्षकांनी स्वतःच पुन्हा बटण दाबलं, आणि शेवटपर्यंत ऐकलं. नंतर त्यांनी घड्याळ हातात बांधलं आणि बराच वेळ त्याचा पट्टा नीट करत राहिले.

तांत्रिक बाजूचे गुण कापलेलेच राहिले, नियम तो नियम. मी दुसऱ्या वर्गात पास झाले. त्या कागदावर मी इंदूरला उभी राहिले, आधी शेतीच्या कार्यक्रमाची मदतनीस म्हणून, मग पुढे बरंच काही. पीथमपुरची जागा मामेभावानं दुसऱ्या मुलीला दिली. बाबांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि कॅसेट पुन्हा मागितली. ती ऐकून ते एवढंच म्हणाले, “हे सायकल स्टँडपर्यंत संपलं नसतं.” मला अजून कुणी याहून चांगला अभिप्राय दिलेला नाही.

आत्याबाईंना मात्र राग आला. “आमच्या हूंचे गुण कापले? कोण तो मेला? त्याला कुणी गोष्टी सांगितल्या नाहीत वाटतं लहानपणी.” मग थोड्या वेळानं, “तिची गोष्ट अर्धीच राहिली, बयो. तुझी बस चुकेल म्हणून आपण उठलो. परत कधी जायचं?”

आम्ही गेलो, हाटाच्या दिवशी. गेंदाबाई आपल्या मडक्यांमागे बसली होती, शेजारी रिकामी जमीन. मी कॅसेट तिला द्यायला घेऊन गेले होते, ती तिनं ओच्यात टाकली आणि विसरली. आत्याबाईंनी पदर खोचला, एकदा त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि जाऊन तिथे फतकल मारून बसल्या. दशम्यांचा डबा समोर ठेवला. आणि मग, काही न बोलता, गेंदाबाईच्या ओळीतलं शेवटचं मडकं उचललं आणि हातभर तिच्या बाजूला सरकवून ठेवलं.

गेंदाबाई त्या मडक्याकडे बघत राहिली. मग तिनं कमरेवर हात ठेवले, आणि गिऱ्हाईकं वळून पाहू लागली इतक्या मोठ्या आवाजात तिनं सुरुवात केली.